विजेची मोटार आणि आपला रस्ता

पांढुर्ण्याच्या रेल्वेस्थानकावर उभे राहून विजेची गाडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. इटारसीकडून नागपूरकडे जाणाऱ्या लांबलचक मालगाडीला विजेचे इंजिन जोडलेले असते; डोक्यावरील तारेतून ते वीज घेते आणि हजारो टनांचा भार सांभाळीत तिगावचा घाट उतरून येते. धूर नाही, ठिणगी नाही, राख नाही. वाफेच्या इंजिनाचे दिवस ज्यांनी पाहिले, त्या वडीलधाऱ्या मंडळींना या बदलाचे अप्रूप अधिक वाटते, आणि ते रास्तही आहे. परंतु त्याच मालगाडीच्या वाघिणींत काय भरलेले असते, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पुष्कळदा त्यांत दगडी कोळसा असतो, आणि तो कोळसा कोठल्या तरी वीजघराकडेच चाललेला असतो. विजेच्या मोटारीविषयी लिहावयास बसलो, तेव्हा ही मालगाडीच प्रथम आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

लिहावयाचे निमित्त असे घडले. पावसाळ्याच्या आरंभी आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ संत्र्याचे बागायतदार. घरी एक जुनी पेट्रोलची मोटार. ती बदलावी असा विचार चाललेला. हातात दोन दुकानांची दरपत्रके होती. ते म्हणाले, “गुरुजी, पोरगी म्हणते विजेची घ्या, धूर नाही. पुतण्या म्हणतो, वाटेत बंद पडली तर काय बैल जुंपाल? मला दोनच गोष्टी सांगा ना जी. नागपूरला जाऊन परत येईल का? अन् धूर नाही म्हणते पोरगी, ते खरं आहे का?” आमच्यापैकी एक विज्ञान शिकवितो व दुसरा भूगोल. आठ दिवसांत उत्तर देतो, असे आम्ही त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. त्या आठ दिवसांचे पुढे दोन महिने झाले. त्या अवधीत जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

विजेची मोटार ही कालपरवाची वस्तू आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मोटारीने प्रथम ओलांडली ती १८९९ साली, आणि बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याची ती गाडी विजेवर चालणारी होती. त्या काळी पेट्रोलचे इंजिन सुरू करण्यासाठी समोर उभे राहून लोखंडी दांडा गरगर फिरवावा लागे, व त्यात कित्येकांचे मनगट मोडे. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींना विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि ही कटकट संपली. विजेच्या एका लहानशा यंत्राने विजेच्या मोठ्या मोटारीचा पराभव करावा, ही गंमतच म्हणावयाची. पुढे तेल स्वस्त झाले, आणि विजेची गाडी जवळजवळ विस्मृतीत गेली. आपल्याकडे बंगळूरची ‘रेवा’ ही चिमुकली मोटार २००१ साली रस्त्यावर आली. परंतु सर्वसामान्य कुटुंबाने गांभीर्याने विचार करावा अशा गाड्या येण्यास आणखी वीस वर्षे लागली. टाटांची ‘नेक्सॉन’ २०२० च्या आरंभी विजेवर आली, तिची ३०.२ युनिटांची बॅटरी होती, आणि एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटर हा प्रमाणित आकडा होता. हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच्याशी आपल्याला पुढे काम आहे.

आता या दोन यंत्रांतील मुख्य भेद पाहू. पेट्रोलचे इंजिन हे मुळात उष्णतेचे यंत्र आहे. पेट्रोल जळते, वायू प्रसरण पावतात, दट्ट्या ढकलला जातो. या खटाटोपात तीन चतुर्थांशांच्या आसपास उष्णता धुराड्यावाटे व रेडिएटरवाटे हवेत निघून जाते. शंभर रुपयांचे पेट्रोल घेतले, तर चाकांच्या वाट्याला पंचवीस-तीस रुपयांचेच येते, असे म्हणावयास हरकत नाही. विजेच्या मोटरचे तसे नाही. तिच्याकडे आलेल्या विजेपैकी ८५ ते ९० टक्के वीज चाक फिरविण्याच्या कामी येते. शिवाय हीच मोटर उतारावर उलट काम करते: चाक तिला फिरविते आणि ती वीज निर्माण करून बॅटरीत परत भरते.

मुलताई पठारावर आहे आणि पांढुर्णा त्याच्या पायथ्याशी. दोहोंच्या उंचीत अडीचशे मीटरांहून अधिक अंतर आहे. दीड हजार किलो वजनाची मोटार २५० मीटर खाली उतरते तेव्हा किती ऊर्जा मोकळी होते, हे दहावीचा कोणताही विद्यार्थी काढू शकेल. वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार करावयाचा. उत्तर सुमारे ३७ लक्ष ज्यूल येते, आणि एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. म्हणजे मुलताईहून खाली येताना जवळजवळ एक युनिट आपल्या हाती येऊ पाहते. त्यातील काही हवेच्या व रस्त्याच्या घर्षणात जाईल. उरलेले बॅटरीत जाईल. पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापविण्यात खर्ची पडते. सौसरहून छिंदवाड्यास जाताना लागणाऱ्या सिल्लेवानीच्या घाटासही हाच हिशेब लागू आहे. फक्त चढताना गाडी ते युनिट आधी आपल्याकडून घेते, हे विसरून चालणार नाही.

बागायतदार महाशयांचा पहिला प्रश्न होता नागपूरचा. पांढुर्णा ते नागपूर हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. जाऊन येऊन दोनशे. शहरातील फिरणे वेगळे. ३१२ किलोमीटरांची गाडी हा प्रवास सहज करील, असे कोणासही वाटेल. परंतु प्रमाणित आकडा हा प्रयोगशाळेतला असतो. तेथे रस्ता सपाट, वेग बेताचा आणि वातानुकूलन यंत्र बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात चार माणसे बसवून, गारव्याचे यंत्र चालू ठेवून, महामार्गाच्या वेगाने गेलो, तर तीच गाडी १८० ते २०० किलोमीटर चालते. म्हणजे सकाळी निघून बाजारातील काम आटोपून परत यावे, तर घर दिसू लागण्याच्या सुमारास बॅटरी मान टाकणार. अर्थात नागपुरात सार्वजनिक चार्जिंगची केंद्रे आता पुष्कळ झाली आहेत. जेवणाच्या वेळेत तासभर गाडी तेथे लावली की काम भागते. मोठ्या बॅटरीच्या गाड्याही निघाल्या आहेत. त्यांना हा प्रवास जड नाही. उत्तर ‘होय’ असेच आहे, पण त्या होकाराबरोबर घड्याळाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

घरच्या चार्जिंगचेही असेच आहे. घरातील १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर रिकामी बॅटरी भरण्यास दहा-बारा तास लागतात. रात्री लावावी, सकाळी काढावी. यात काही अडचण नाही, असे शहरातील जाहिरात सांगते. रोहिणी नक्षत्रातील वादळात तार तुटली म्हणजे काय, हे त्या जाहिरात लिहिणाऱ्यास ठाऊक नसावे. शिवाय अर्थिंग चांगले हवे, तारा जाड हव्यात, गाडीवर सावली हवी, कारण लिथियमच्या बॅटरीस कडक ऊन मानवत नाही. सतत तापली तर तिचे आयुष्य घटते. ज्यांच्या घरास अंगण आहे, त्यांना हे साधेल. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने दुसऱ्या मजल्यावरून गल्लीत वायर सोडावी काय? पैशाच्या बाजूने मात्र विजेची गाडी निर्विवाद पुढे आहे. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेले आहे, आणि लिटरला १६ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सहा-साडेसहा रुपये पडतात. विजेचे युनिट सात रुपयांना धरले, तरी किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आतच काम होते.

चार्जिंगच्या अडचणी किती जाचक होऊ शकतात, याचा धडा आपल्याला दूर जाऊन शिकावा लागत नाही. तो नागपुरातच मिळाला. २६ मे २०१७ रोजी ‘ओला’ व ‘महिंद्र’ या कंपन्यांनी तेथे दोनशे विजेच्या वाहनांचा एक प्रयोग सुरू केला: टॅक्सी, रिक्षा, बस असे सर्व प्रकार त्यात होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने नागपुरातील एका पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोय केली. हेतू उत्तम होता. परंतु टॅक्सीसाठी वापरलेल्या ‘ई-टू-ओ प्लस’ या मोटारींची मजल कंपनीच्या कागदावरच ११० ते १४० किलोमीटर होती, आणि टॅक्सीवाल्यास दिवसाकाठी त्याहून अधिक धावावे लागते. दिवसातून दोन-दोन वेळा चार्जिंग, तेथे रांग, रांगेत तासन्‌तास उन्हात बसणे. २०१८ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, की अनेक चालक विजेच्या गाड्या परत करून डिझेलकडे वळत आहेत. ज्याची रोजी किलोमीटरवर अवलंबून आहे, त्याने रांगेत बसून आकाशाची स्वच्छता राखावी, ही अपेक्षा फार झाली. त्या चालकांना दोष देण्यास आम्ही तयार नाही.

आता दुसरा प्रश्न: धूर नाही हे खरे काय? गाडीपुरते ते खरे आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर डिझेलच्या गाड्या उभ्या असतात, त्यांचा काळा धूर लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवरच बाहेर पडतो. तो बंद झाला, तर तो लाभ खराच आहे आणि आम्ही त्यास कमी लेखीत नाही. परंतु वीज तारेत उगवत नाही. ३१ डिसेंबर २०१३ पासून सर्व देशाचे वीजजाळे एकत्र जोडले गेले आहे. तेव्हा आपल्या घरातील युनिट सारणीच्या सातपुडा वीजघरातून आले, खंडव्याकडून आले, की कोराडीहून आले, हे सांगता येत नाही. एवढे मात्र सांगता येते, की देशात तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास पाऊण हिस्सा अद्याप कोळशापासून होतो. सूर्यशक्ती व पवनशक्ती यांची यंत्रे झपाट्याने वाढत आहेत. २०२५ मध्ये तर उभारलेल्या एकूण क्षमतेत खनिज इंधनाविना चालणाऱ्या यंत्रांचा वाटा निम्म्यावर गेला. पण सूर्य रात्री मावळतो, आणि कोळशाची भट्टी रात्रंदिन चालते. म्हणून प्रत्यक्ष विजेत कोळशाचेच पारडे जड राहते.

सौसरहून सावनेरमार्गे नागपूरला जाताना खापरखेडा व कोराडी येथील वीजघरांच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. कोळसा जळला की राख उरते, आणि ती पाण्यात कालवून मोठमोठ्या तलावांत सोडतात. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कोराडीच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखमिश्रित पाणी आसपासच्या गावांत व शेतांत शिरले. त्या परिसरातील ओढे-नाले ज्या कन्हान नदीला मिळतात, ती आपल्याच छिंदवाड्याच्या पठारावर उगम पावते, रामाकोन्याजवळून वाहते, आणि नागपूरकरांची तहान भागविते. पांढुर्ण्यातील धूर नाहीसा झाला म्हणजे तो जगातून नाहीसा झाला असे नव्हे. त्याचा काही भाग कोराडीच्या शेजाऱ्यांच्या अंगणात गेला.

किती भाग, हे आकड्यांनी पाहिले पाहिजे. नुसत्या भावनेने नव्हे. आम्ही फळ्यावर जो हिशेब केला तो येथे देतो. कार्बन डाय-ऑक्साइड या वायूला आम्ही सोयीसाठी कर्बवायू म्हणू. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कर्बवायू निघतो. एका लिटरचे वजन पाऊण किलो आणि वायू सव्वादोन किलोंवर, हे ऐकून वर्गात हशा पिकला. पण जळताना हवेतील प्राणवायू त्यात मिळतो, हे कळल्यावर हशा थांबला. तेल विहिरीतून काढणे, परदेशातून आणणे, शुद्ध करणे यांपायी आणखी एक पंचमांश धरू. म्हणजे लिटरला २.७६ किलो, १६ किलोमीटरांनी भागले तर किलोमीटरला सुमारे १७० ग्रॅम.

विजेच्या मोटारीस शंभर किलोमीटरांसाठी बॅटरीतील १४ युनिटे लागतात असे धरू. चार्जिंगमधील गळती धरून भिंतीतील प्लगमधून १६ युनिटे घ्यावी लागतात, आणि तारांतील गळती धरून वीजघरातून १८ युनिटे निघावी लागतात. देशातील विजेच्या सरासरी युनिटामागे ०.७ किलोंहून थोडा अधिक कर्बवायू निघतो. १८ युनिटांचा हिशेब १३ किलोंच्या आसपास येतो, म्हणजे किलोमीटरला १३० ग्रॅम. कोळसा खणण्याचा व वाहण्याचा खर्च धरला तर हा आकडा आणखी थोडा वाढेल. फरक उरला चाळीस ग्रॅमांचा. विजेची गाडी चांगली ठरली खरी, पण विद्यार्थिनीच्या मनात जेवढी होती तेवढी नव्हे.

आणि अजून बॅटरी जमेस धरलेली नाही. मोटारीचा पत्रा, काच, रबर हे दोन्ही गाड्यांत सारखेच म्हणून सोडून देऊ. परंतु बॅटरी ही विजेच्या गाडीची स्वतंत्र जबाबदारी आहे. ती तयार करताना दर युनिट क्षमतेमागे साधारणतः ६० ते १०० किलो कर्बवायू निघतो. मधला आकडा ८० धरला, तर तीस युनिटांच्या बॅटरीमागे २,४०० किलो. म्हणजे विजेची मोटार दुकानातून बाहेर पडते तीच २,४०० किलोंचे कर्ज डोक्यावर घेऊन. दर किलोमीटरला ती चाळीस ग्रॅम फेडते. साठ हजार किलोमीटर धावली, की ऋणमुक्त. त्यापुढे जी धावेल ती सृष्टीच्या खात्यात जमा.

या बॅटरीत काय असते, हे आपल्या तालुक्याच्या मुलांनी विशेष आस्थेने पाहावयास हवे. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौसर समूह’ या नावाचे अतिप्राचीन खडक प्रसिद्ध आहेत. छिंदवाडा, नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतून जाणाऱ्या मँगनीजच्या पट्ट्यास आपल्या सौसरचे नाव लाभले आहे. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मर यांनी १९०९ साली देशातील मँगनीजविषयी जो बृहद् ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कच्छीढाना, गोवारी वढोणा अशी आपल्याकडील गावे आहेत. सीतापार या गावावरून तर त्यांनी एका खनिजास ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. पुढे ते आधीच माहीत असलेले बिक्सबाइट निघाले, आणि आपल्या गावाचे नाव खनिजांच्या यादीतून गेले. भूगोलाच्या शिक्षकास याचे दुःख अद्याप आहे.

मँगनीजचा बहुतांश उपयोग पोलाद करण्याकडे होतो, परंतु टॉर्चच्या साध्या सेलमध्ये मँगनीजचेच काळे चूर्ण असते, आणि मोटारींच्या एका जातीच्या बॅटरीत निकेल, मँगनीज व कोबाल्ट ही त्रयी असते. खाण म्हणजे काय, हे ज्यांनी खाणीच्या बाजूचे गाव पाहिले त्यांना समजावून सांगावे लागत नाही. वरची माती एकदा निघाली की ती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते. उन्हाळ्यात धूळ छपरांवर बसते. कोबाल्ट मुख्यतः आफ्रिकेतील कांगोमधून येतो, आणि तेथील हातखाणींत तुमच्याएवढी मुले राबताना आढळली आहेत. लिथियम येते ऑस्ट्रेलियातील खडकांतून व चिलीतील अटाकामाच्या खाऱ्या मैदानातून, जेथे पाणी मुळातच दुर्मिळ आहे. आपल्याकडील पुष्कळशा मोटारींत आता लिथियम, लोह व फॉस्फेट यांची बॅटरी असते. तीत कोबाल्ट नाही आणि आमच्या सौसरचे मँगनीजही नाही. ही बॅटरी उष्णता जरा अधिक सोसते. एवढा दिलासा पुरे. लिथियमची खाण तिलाही सुटलेली नाही. येथे पेट्रोलच्या कैवाऱ्यांनी फार आनंदून जाऊ नये. तेलाच्या विहिरी, फुटलेली जहाजे, शुद्धीकरणाचे कारखाने यांचा इतिहास काही निर्मळ नाही. शिवाय पेट्रोल एकदा जळले की गेले. बॅटरीतील धातू पुन्हा काढता येतात. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतील धातू काढण्याची जबाबदारी आपल्या देशात उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.

हा हिशेब घेऊन आम्ही पुन्हा बागायतदारांच्या प्रश्नाकडे वळलो, तेव्हा एक विचित्र गोष्ट आमच्या ध्यानात आली. नागपूरचा टॅक्सीवाला रोज दीडशे किलोमीटर धावतो. त्याचे साठ हजार किलोमीटरांचे कर्ज वर्ष-सव्वा वर्षात फिटते. सृष्टीच्या दृष्टीने विजेची मोटार त्याच्याच हाती असावयास हवी. परंतु व्यवहारात तीच त्याला सर्वांत अवघड: रांग, मजल, वाया जाणारा वेळ. उलट आमचे बागायतदार. त्यांची मोटार आठवड्यातून तीन दिवस उभी असते. अंगण आहे, सावली आहे, रात्रभर चार्जिंगला सवड आहे. व्यवहारात त्यांना विजेची मोटार अगदी सोयीची. पण ती वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर धावणार. साठ हजारांना बारा वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी कंपन्या साधारणपणे आठ वर्षांची देतात. म्हणजे ज्याला सोयीची त्याच्या हाती ती सृष्टीला फारशी उपयोगी नाही, आणि ज्याच्या हाती उपयोगी त्याला ती सोयीची नाही. अंगणात सजवून उभी ठेवलेली विजेची मोटार ही शोभेची वस्तू आहे. हे आमचे मत कित्येकांना कडू वाटेल. आम्हा दोघांत मात्र याबाबतीत, क्वचितच होते तसे, एकमत झाले.

या हिशेबाला दोन अपवाद सापडले, आणि आमच्या मते लेखातील खरी कामाची गोष्ट तीच आहे. पहिला अपवाद छपरावरील सूर्यपत्र्यांचा. गाडी दुपारी, स्वतःच्या घरच्या सूर्यशक्तीवर भरली, तर किलोमीटरमागचे १३० ग्रॅम अगदी थोड्यावर येतात आणि २,४०० किलोंचे कर्ज पंधरा हजार किलोमीटरांतच फिटते. ऊन ही आपल्याकडे वर्षातील बरेच महिने वैतागाने बोलावयाची वस्तू आहे; तिचा असाही उपयोग आहे.

दुसरा अपवाद दुचाकीचा. विजेच्या स्कूटरची बॅटरी तीन युनिटांची असते, म्हणजे मोटारीच्या दहाव्या हिश्शाची. तिचे कर्ज २४० किलो. पेट्रोलची दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर चालते असे धरले, तर किलोमीटरला ६१ ग्रॅम. विजेची, वीजघरापर्यंतची सर्व गळती धरून, २९. फरक बत्तीस ग्रॅमांचा. साडेसात हजार किलोमीटरांत कर्ज संपते. रोज वीस किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला त्यास सव्वा वर्ष पुरे. घर ते बाग, बाग ते बाजार, बाजार ते शाळा: आपले बहुतेक फिरणे याच मापाचे असते. स्कूटर पडवीत बसते, साध्या प्लगवर काही तासांत भरते, दोन तास वीज गेली तरी कोणाचे अडत नाही. येथे सोय व सृष्टी एकाच दिशेने चालतात. पांढुर्णा ते सौसर या चाळीसएक किलोमीटरांस मात्र चांगल्या बॅटरीची स्कूटर घ्यावी, आणि परतीच्या आधी तेथे ती भरण्याची सोय आहे की नाही हे पाहून निघावे.

ई-रिक्षा याहूनही उपयोगी, कारण ती दिवसभर धावते आणि एका खेपेस चार-पाच माणसे नेते. परंतु तिच्याविषयी एक सावधगिरीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. पुष्कळशा ई-रिक्षांत अद्याप शिशाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या असतात. त्या दीड-दोन वर्षांत संपतात आणि भंगारात जातात. रीतसर कारखान्यात त्यांतील शिसे सुरक्षितपणे वितळविता येते. पण कोणी घरामागे उघड्यावर भट्टी लावून ते वितळवू लागले, तर शिशाची वाफ व धूळ मातीत उतरते. शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि तो अपाय पुढे भरून निघत नाही. आपल्या घरची इन्व्हर्टरची बॅटरीही याच जातीची असते. ती बदलताना जुनी दुकानदारालाच परत द्यावी. शंभर-दोनशे रुपये अधिक देणाऱ्या फेरीवाल्याला देऊ नये.

आम्ही हे सारे कागद घेऊन बागायतदारांकडे गेलो, तेव्हा बागेत फळाला रंग चढू लागला होता. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. आकड्यांच्या मध्यावर कोठेतरी त्यांची कन्या वही घेऊन बापाच्या शेजारी येऊन बसली आणि आमचा एक गुणाकार तिने दुरुस्त केला. शेवटी ते म्हणाले, “म्हणजे जुनी मोटार चालते तोवर चालवायची, अन् रोजच्या फिरण्याला विजेची स्कूटर घ्यायची, असंच ना?” पुतण्याने बैलांविषयी काही बोलण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

दिवाळीत स्कूटर आली. ती पडवीत टिनाच्या छपराखाली उभी असते आणि सुटीच्या दिवशी दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान भरली जाते, कारण त्या वेळी वीजजाळ्यात सूर्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, हे मुलीने कोठूनसे वाचले आहे. किती किलोमीटर झाले आणि मीटरवर किती युनिटे पडली, हे ती एका वहीत रोज लिहिते. आमचा शंभर किलोमीटरांस प्लगवर साडेतीन युनिटांचा अंदाज तिच्या वहीशी कितपत जुळतो, हे वर्षभराच्या नोंदी पुऱ्या झाल्यावर कळेल. ती वही आम्ही पुढील अंकासाठी मागून ठेवली आहे.